पाण्याने तापणारी खोली

हुबळी आणि धारवाड या जुळ्या नगरांना जोडणाऱ्या पुणे-बंगळूर रस्त्यावर, उणकलच्या तळ्यापासून धारवाडच्या बाजूस थोडे पुढे गेले की नवनगर लागते. आखीव रस्त्यांची ही वसाहत. राज्याचे विधी विद्यापीठ येथे आहे, कर्करोगाचे मोठे रुग्णालय येथे आहे आणि १९६२ साली एक झालेल्या दोन शहरांच्या महापालिकेचा हा मधला दुवा आहे. २०२० पासून रीतसर धावू लागलेली ‘चिगरी’ बस येथून दिवसभर ये-जा करते. येथील हवा सौम्य. पौषातही पहाटेचा पारा पंधरा अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि ऊन वर आले की अंगावरची शाल आपोआप खांद्यावरून खाली येते. अशा ठिकाणी घर तापवण्याची विद्या कोणी शिकावी हे वरवर पाहता विचित्रच म्हणावे लागेल.

परंतु पाणी तापवण्याची विद्या येथे जुनी आहे. न्हाणीघरातील तांब्याचा बंब कोणाला ठाऊक नाही? मधोमध जाळाची नळी, तीत गोवऱ्या, शेंगांची टरफले, लाकडाच्या ढलप्या, आणि नळीभोवती पाणी. आग आत आणि पाणी बाहेर. आता छपरावरील सौर बंबांनी त्याची जागा घेतली असली तरी नाव तेच राहिले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. तापलेल्या पाण्याचा उपयोग मात्र येथे स्नानापुरता. फार तर पाठ धरली किंवा पोट दुखले तर रबरी पिशवीत ते भरून शेकायचे. पाणी तापवून त्याने खोली तापवावी, ही कल्पना दक्षिणेत कोणाच्या मनाला शिवली नाही, कारण तशी गरज पडली नाही.

थंड देशांत ती गरज पडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेंट पीटर्सबर्ग येथे फ्रान्झ सान-गाली या कारखानदाराने ओतीव लोखंडाचे तापक बनवले आणि त्यानंतर युरोप-अमेरिकेतील घराघरांत खिडकीखाली हे उपकरण दिसू लागले. त्याला रेडिएटर म्हणतात. मोटारीतील रेडिएटर पाण्याची उष्णता बाहेर टाकतो आणि घरातील रेडिएटरही तेच करतो, मात्र एकाला ती उष्णता नकोशी असते आणि दुसऱ्याला ती हवी असते. तळघरात अथवा स्वयंपाकघरात एक तापयंत्र असते. त्यातून नळावाटे गरम पाणी खोल्याखोल्यांत जाते, पत्र्याच्या पोकळ पाटांतून फिरते, निवते आणि परत येते. पाण्याची या कामी निवड झाली ती त्याच्या एका गुणामुळे. एक लिटर पाणी एक अंशाने निवताना जेवढी उष्णता देते, तेवढ्या उष्णतेने सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. म्हणजे बोटाएवढ्या नळीतून जे काम होते, तेच हवेवाटे करावयाचे तर भिंतीतून भुयार काढावे लागेल.

नवनगराचा या रेडिएटरशी काय संबंध, असे श्रोत्यांच्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो संगणकामुळे जुळला आहे. इमारत उभी राहण्याआधी, किंवा जुन्या इमारतीत फेरफार करण्याआधी, ती संगणकात गणिताच्या रूपाने उभी करून वर्षातील ८७६० तासांचा तिचा व्यवहार पाहता येतो. याला इमारतीचे ऊर्जा-प्रतिमान म्हणतात. लंडनच्या घराचे असे प्रतिमान लंडनमध्येच बसून करावे लागते असे नाही. नकाशा, भिंतीची जाडी, खिडक्यांची मापे आणि त्या गावच्या हवामानाचा तासातासाचा तक्ता हाती असला की ते पुण्यात होते, बंगळुरात होते, नवनगरच्या एखाद्या घराच्या माडीवरही होऊ शकते. अशी कल्पना करावी की एक तरुण अभियंता येथे बसून इंग्लंडातील एका जुन्या विटांच्या घराचे गणित मांडीत आहे. त्याने आयुष्यात रेडिएटरला हात लावलेला नाही. त्याची आजी चहाचा पेला ठेवताना पडद्याकडे पाहून विचारते, “काय रे, पाणी फिरवून घर कसं तापतं? भिंती ओल्या नाही का होत?” तो म्हणतो, “नाही गं आजी, पाणी नळातच असतं. तुझी शेकायची पिशवी भिंतीला टांगली असं समज.” ही उपमा दिसते तितकी साधी नाही, आणि पुढील सारे विवेचन तिच्याच आधारे करता येते.

पिशवीत दोन लिटर पाणी साठ अंशांचे भरले आणि ते पस्तीस अंशांपर्यंत निवले, तर तिने सुमारे २०९ किलोज्यूल उष्णता दिली. साठ वॉटचा जुना दिवा साधारण तासभर जाळल्याने एवढी उष्णता निघते. परंतु पिशवीचा अनुभव असा की पहिल्या दहा मिनिटांत ती चटका देते आणि पुढे तासभर नुसती कोमट राहते. तापमानातील अंतर मोठे असेल तर उष्णता झपाट्याने जाते आणि अंतर घटले की तिचा ओघ मंदावतो. न्यूटनने १७०१ साली हा नियम सांगितला आणि फोरिएने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उष्णतेच्या वहनाचे गणित बांधले. आजची सर्व प्रतिमाने या दोघांच्या खांद्यांवर उभी आहेत.

रेडिएटरच्या बाबतीत मात्र न्यूटनचा सरळ हिशेब पुरत नाही. त्याचे कारण त्याच्या नावातच दडले आहे, किंवा असे म्हणावे की ते नावाने झाकले आहे. रेडिएटर म्हणजे प्रारण करणारा, किरण फेकणारा. वस्तुतः साध्या पाटाच्या रेडिएटरची सुमारे तीस टक्के उष्णताच प्रारणाने जाते, बाकीची हवेच्या अभिसरणाने. पाटाला लागलेली हवा तापते, हलकी होते, वर चढते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते. पाट जितका गरम तितका हवेचा हा झरा वेगवान. म्हणून तापमानातील अंतर अर्धे झाले तर उष्णता अर्ध्याहून कमी होते, कारण अंतरही घटते आणि झराही मंदावतो. प्रयोगशाळांनी मोजून हे एका घातांकात बसवले आहे, आणि बहुतेक पाटांसाठी तो १.३ च्या जवळपास येतो. युरोपात रेडिएटरची क्षमता ठरवताना पाणी ७५ अंशांनी आत जाते, ६५ अंशांनी बाहेर येते आणि खोली २० अंशांची आहे असे धरतात. पाण्याची सरासरी ७० आणि खोलीशी अंतर ५०. कारखान्याच्या चिठ्ठीवर २००० वॉट लिहिले असेल तर ते या परिस्थितीतील २००० वॉट होत.

येथून पुढे प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही. इंग्लंडमध्ये लाखो घरे वायूच्या तापयंत्रावर चालतात आणि तो वायू जाळणे कमी करावे म्हणून त्या जागी उष्णता-पंप बसवण्याची चळवळ सुरू आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून त्यासाठी सरकारी अनुदानही मिळू लागले. उष्णता-पंप म्हणजे उलटा चालवलेला शीतकपाट. तो बाहेरच्या थंड हवेतील उष्णता उपसून घरात आणतो आणि विजेच्या एका भागाच्या मोबदल्यात तीन भागांच्या आसपास उष्णता देतो. मात्र एक अट आहे. पाणी फार गरम मागितले तर हा लाभ घटतो, म्हणून ते ४५ अंशांच्या आसपास ठेवणे हितकर असते. तेव्हा नवनगरच्या अभियंत्यापुढे आलेला प्रश्न असा, की घरातील जुने रेडिएटर तसेच ठेवून त्यांत हे कोमट पाणी सोडले तर घर गरम राहील काय?

एक खोली घ्यावी. लांबी चार मीटर, रुंदी साडेतीन, उंची अडीच. बाहेरची भिंत दहा चौरस मीटर, नऊ इंची भरीव विटांची. अशा भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून आत-बाहेरील अंतराच्या दर अंशामागे सुमारे २.१ वॉट उष्णता निसटते, म्हणजे एकूण २१. एका काचेची दोन चौरस मीटरची खिडकी साधारण १० घेते. फटींतून तासाला एकदा सगळी हवा बदलते असे धरले तर आणखी १२. एकंदर दर अंशामागे ४३ वॉट. बाहेर शून्याखाली तीन आणि आत एकवीस हवे, म्हणजे अंतर चोवीस. गळती झाली सुमारे १०३० वॉट. भिंतीवर २००० वॉटचा रेडिएटर आहे. वरवर पाहणारा म्हणेल, दुप्पट आहे, चिंता नको.

आता पाणी ४५ अंशांनी सोडले आणि ४० अंशांनी परत आले असे धरू. सरासरी साडेबेचाळीस, आणि वीस अंशांच्या खोलीशी अंतर साडेबावीस. न्यूटनच्या सरळ हिशेबाने रेडिएटर ९०० वॉट देईल. घातांक धरून केलेल्या हिशेबाने सुमारे ७०० देईल, आणि खोली एकवीस अंशांची असेल तर ६७० च. गरज हजाराची आणि पुरवठा पावणेसातशेचा. मग खोलीचे काय होईल? ती एकवीसवर राहणार नाही. गळती आणि पुरवठा जेथे सारखे होतात तेथवर ती उतरत जाईल. दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या तर तो आकडा साडेसोळा अंशांच्या आसपास येतो.

साडेसोळा अंश म्हणजे नवनगरात पौषातील पहाट. शाल पांघरून अंगणात बसावे आणि उन्हाची वाट पाहावी, इतकेच. परंतु येथे दोन तासांत ऊन येते. तेथे आठवडाभर येत नाही, आणि खोलीत बसलेली व्यक्ती ऐंशी वर्षांची असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंड ऋतूत घरातील तापमान निदान १८ अंश असावे असे सुचवले आहे आणि वृद्ध, बालके व आजारी यांना त्याहूनही अधिक लागेल असे म्हटले आहे. थंड घरात रक्तदाब चढतो, श्वासाचे विकार बळावतात. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे, यावरून तेथे मराठी माणसे किती काळापासून राहत आहेत हे लक्षात येते. त्या पिढ्यांतील कित्येक जण आज अशाच जुन्या विटांच्या घरांत म्हातारे झाले आहेत. संगणकातील एका चुकीच्या घातांकाचा परिणाम त्यांच्या गुडघ्यांपर्यंत पोहोचतो. हे प्रतिमान करणाऱ्याने विसरू नये.

विसरण्याची सोय मात्र पुष्कळ आहे. प्रतिमान मांडण्याची सर्वांत सोपी रीत अशी, की खोलीला ‘आदर्श’ उष्णता जोडायची. खोलीला जेवढे हवे तेवढे क्षणात मिळते. नळ नाही, पाणी नाही, पाट नाही. वर्षाकाठी किती उष्णता लागेल याचा अंदाज घ्यायला ही रीत पुरेशी आहे आणि आरंभीच्या आराखड्यात ती वापरण्यात गैर काही नाही. परंतु तिच्या जगात खोली कधीच थंड पडत नाही. अपुरा रेडिएटर हा प्रकारच तेथे संभवत नाही, कारण रेडिएटरच नाही. अशा प्रतिमानाचा अहवाल घेऊन कोणी घरमालकाला ‘सर्व खोल्या एकवीस अंशांवर राहतील’ असे सांगितले, तर ते वाक्य म्हणजे आधीच गृहीत धरलेली गोष्ट निष्कर्ष म्हणून परत सांगणे होय. असे अहवाल थोडे नसावेत.

म्हणून रेडिएटर खरोखरीच मांडायचा. येथे माहितीचे रकाने भरावे लागतात, आणि काही न भरलेला रकाना रिकामा राहत नाही. प्रणाली आपल्या मनचा आकडा त्यात ठेवते. एनर्जीप्लस ही अमेरिकन शासनाच्या आश्रयाने घडलेली आणि २००१ साली प्रथम प्रसृत झालेली प्रणाली जगभर वापरली जाते. तिच्यात पाण्याच्या अशा तापकासाठी पाण्याचे सरासरी तापमान सांगितले नाही, तर ते सुमारे ८८ अंश धरले जाते. युरोपातील चिठ्ठी सत्तरची, प्रणालीचे गृहीत अठ्ठ्याऐंशीचे. अभियंत्याने चिठ्ठीवरचे २००० तेवढे उतरवले आणि तापमानाचा रकाना तसाच सोडला, तर प्रतिमानातील रेडिएटर खऱ्याहून दुबळा होतो. दुसरीकडे, साध्या प्रतिमानांत पाणी आणि हवा यांमधील संक्रमणाचा गुणांक स्थिर धरतात. हवेचा झरा मंदावतो हे त्यांना ठाऊक नसते. त्यामुळे कोमट पाण्यात रेडिएटर खऱ्याहून सबळ दिसतो. गंमत अशी की साडेबेचाळीस अंशांच्या पाण्यासाठी या दोन चुका एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकतात. सरळ हिशेबाने साडेसहाशेच्या आसपास वॉट येतात आणि खरे उत्तर सातशे असते. अभियंता समाधान पावतो. मग तोच मनुष्य पंचावन्न अंशांच्या सरासरीने पुन्हा हिशेब करतो. त्याला हजार वॉट दिसतात, पण खरा रेडिएटर साडेबाराशे देत असतो. एका ठिकाणी बरोबर आलेल्या उत्तराने त्याला दुसऱ्या ठिकाणी फसवले.

पुढचा रकाना प्रारणाचा. शंभरातील किती भाग किरणांनी जातो हे सांगावे लागते. एवढ्यावर भागत नाही. त्या किरणांपैकी किती माणसांवर पडतात, किती समोरच्या भिंतीवर, किती फरशीवर, किती छतावर, हेही वाटून द्यावे लागते आणि सगळ्या वाट्यांची बेरीज पूर्ण एक यावी लागते. नवख्याला हा छळ वाटतो. परंतु याच रकान्यात राहणाऱ्याच्या सुखाचा हिशेब आहे. माणसाला जाणवणारी ऊब निव्वळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. भोवतालच्या पृष्ठांचे तापमान तिच्यात निम्मा वाटा उचलते. खोलीची हवा वीस अंशांची असली आणि पाठीमागची भिंत तेरा अंशांची असली, तर पाठीत गारवा शिरतो आणि भिंतीवरील तापमापक मात्र सर्व ठीक असल्याचे सांगत राहतो. खिडकीखाली रेडिएटर बसवण्याची जुनी चाल यामुळेच पडली. काचेवरून उतरणारा गार झोत तो अडवतो आणि थंड पृष्ठाची भरपाई करतो. त्याची किंमतही आहे. पाठीमागची बाहेरची भिंत तापते आणि उष्णतेचा काही भाग थेट रस्त्यावर जातो. शिवाय घरातील माणसे रेडिएटरपुढे सोफा ढकलतात, त्याच्यावर टॉवेल वाळत घालतात, खिडकीचा लांब पडदा त्याच्यावर सोडतात. या गोष्टींसाठी कोणत्याही प्रणालीत रकाना नाही.

झडपेचाही उल्लेख करावयास हवा. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ साली रेडिएटरला लावण्याची स्वयंचलित झडप शोधून काढली. खोली तापली की ती पाण्याची वाट आखडते. प्रतिमानात ही झडप बहुधा तत्पर सेवकासारखी वागते. प्रत्यक्षात ती रेडिएटरला चिकटून बसलेली असते, तेथली हवा खोलीच्या मध्यापेक्षा उबदार असते, आणि झडप लवकर मिटते. बाकी पाण्याच्या फेऱ्याची, पंपाची आणि नळांची जोडणी हा भाग किचकट असला तरी त्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. एक टोक चुकीच्या टोकाला जोडले तर प्रणाली चालतच नाही आणि चूक उघडी पडते. धोका असतो तो न ओरडणाऱ्या चुकांचा.

अशा मुक्या चुका पकडण्यासाठी तज्ज्ञांनी एक युक्ती केली. जडकॉफ आणि निमार्क यांनी १९९५ साली काही काल्पनिक साध्या खोल्यांचा संच तयार केला. तीच खोली निरनिराळ्या प्रणालींत मांडायची आणि उत्तरे ताडून पाहायची. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात १९७० च्या दशकात जन्मलेली ईएसपी-आर, विस्कॉन्सिनची ट्रान्सिस, यांसारख्या निरनिराळ्या घराण्यांच्या प्रणाली एकाच खोलीचे उत्तर किती अंतराने देतात हे त्यातून कळते. पुढे या कसोट्यांना अमेरिकेत प्रमाणपद्धतीचे रूप मिळाले. परंतु या कसोट्या प्रणालीची परीक्षा घेतात. ती चालवणाऱ्या माणसाची नव्हे. पेटी सुरात लावून दिली म्हणून वाजवणारा सुरात वाजवीलच असे नाही. सवाई गंधर्वांच्या आणि भीमसेनांच्या या मुलुखात हे निराळे सांगायला नको.

इंग्लंडातील त्या खोलीला उपाय दोन. एक म्हणजे मोठा रेडिएटर. एकवीस अंश राखायचे तर चिठ्ठीवर तीन हजारांहून थोडे अधिक वॉट असलेला पाट लागेल, म्हणजे आताच्या दीडपट. दुसरा उपाय गळती कमी करण्याचा. भिंतीला आतून वा बाहेरून उष्णतारोधक थर दिला, खिडकीला दुहेरी काच बसवली आणि फटी बुजवून हवेची अदलाबदल निम्मी केली, तर दर अंशामागील ४३ वॉट १२ वर येतात. मग त्याच थंडीत खोलीला तीनशेच्या आत वॉट लागतात आणि जुना रेडिएटर कोमट पाण्यावरही दुपटीहून अधिक देतो. दुसरा उपाय महाग आहे, घर विसकटणारा आहे, आणि फटी बुजवताना ओल धरणार नाही याची काळजी घ्यावी लागते. तरीही म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर तोच खरा. वीज गेली तर मोठा रेडिएटर थंड पडतो. जाड भिंत पडत नाही.

ही सारी विद्या परदेशाच्या कामी येते आणि नवनगराला तिचा उपयोग नाही, असे मात्र नाही. त्याच माडीवर वैशाखातील रात्री दहा वाजता बसून पाहावे. बाहेर झुळूक आहे, मलनाडकडून येणारी हवा निवली आहे, आणि खोलीत मात्र डोक्यावरून कोणी तवा धरल्यासारखे वाटते. पंखा फिरतो तो गरम हवाच फिरवतो. येथील रेडिएटर खिडकीखाली नाही. तो वर आहे, आणि त्यात पाणी नाही. दिवसभराच्या उन्हात सिमेंट काँक्रीटच्या उघड्या छताचे पृष्ठ साठ अंशांच्या घरात जाते. सहा इंची छत ही उष्णता चार-पाच तासांनी खाली पोहोचवते, म्हणजे दुपारी घेतलेले ऊन ते संध्याकाळपासून परत करू लागते.

तेच सूत्र येथे लावावे. बारा चौरस मीटरचे छत आतून ४० अंशांचे आहे आणि खोलीतील भिंती-फरशी ३४ अंशांच्या आहेत. या तापमानाला किरणांवाटे दर चौरस मीटर, दर अंश सुमारे सहा वॉट जातात. सहा अंशांचे अंतर आणि बारा चौरस मीटर, म्हणजे सव्वाचारशे वॉटहून अधिक. इंग्लंडातील खोलीत भर हिवाळ्यात कोमट पाण्याचा रेडिएटर देत होता त्याच्या निम्म्याहून ही उष्णता अधिक आहे, आणि ती वैशाखात मिळत आहे. एक फरक मात्र आहे. छताला लागलेली गरम हवा हलकी असल्याने वरच राहते, खाली उतरत नाही. त्यामुळे येथे अभिसरणाचा वाटा नगण्य आणि जवळजवळ सगळी उष्णता प्रारणाने येते. खिडकीखालच्या पाटाला रेडिएटर हे नाव अर्धवटच शोभते. नवनगरच्या स्लॅबला ते पुरते शोभते.

जुन्या धारवाडच्या घरांना हा त्रास नव्हता. मंगळुरी कौलांखाली माळा असे, कौलांच्या फटींतून हवा खेळे आणि माणूस तापलेल्या कौलांपासून एका लाकडी तक्तपोशीने वेगळा असे. उत्तरेकडे विजापूरच्या बाजूस जाड मातीचे माळवद तेच काम करी. काँक्रीट आले ते मजबुतीसाठी आणि वर मजला चढवता यावा यासाठी. उष्णतेचा विचार त्या सोयीत मागे पडला. केंद्र शासनाने २०१८ साली घरांसाठी जी ‘इको-निवास संहिता’ काढली, तिने छतातून दर चौरस मीटर, दर अंश १.२ वॉटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये अशी मर्यादा घातली आहे. उघडे काँक्रीटचे छत तिच्या दुपटीहून अधिक जाऊ देते. ही मर्यादा ओलांडणारी किती छते नवनगरात आहेत हे गच्चीवर चढून नुसती नजर फिरवली तरी उमगते.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या त्या तरुणाने लंडनच्या खोलीचे गणित मिटवून एकदा आपल्याच माडीचे मांडावे. हवामानाचा तक्ता बदलायचा, विटांची भिंत तशीच ठेवायची, रेडिएटर पुसायचा आणि छताचा थर भरायचा. पहिल्या फेरीत छत उघडे. दुसऱ्या फेरीत वरून चुन्याचा पांढरा हात. नवा चुना उन्हातील सत्तर टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, जुने काळवंडलेले काँक्रीट त्याच्या निम्मेही नाही. तिसऱ्या फेरीत चुन्याखाली रोधक थर. तिन्ही फेऱ्यांत रात्री दहाचे छताचे आतले तापमान शेजारी शेजारी लिहायचे. चुन्याचा खर्च थोडा, पण तो पावसाळ्यात धुऊन जातो आणि दर साली माघ-फाल्गुनात पुन्हा लावावा लागतो; थराचा खर्च एकदाचा, परंतु त्याच्यावर पाणीरोधक लेप नीट दिला नाही तर आषाढात छत गळते. कोणते परवडेल हे आजीला विचारूनच ठरवावे लागेल, कारण त्या माडीखालच्या खोलीत दुपारी झोपते ती तीच.